गुलाबांची सुईण

गुलाब म्हटलं की कुणाला अत्तर आठवतं, कुणाला गुलकंद. मला घुगऱ्या आठवतात. हळद-मीठ घालून शिजवलेल्या, वाफाळत्या गव्हा-हरभऱ्याच्या घुगऱ्या. कारण हिंगोलीतली आमची घरमालकीण गुलाबाच्या रोपांची बारशी करायची, आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या ओंजळीत घुगऱ्या घालायची. हसू नका. पहिल्या वेळी मीही अशीच हसले होते, तर तिनं माझी ओंजळ अर्धीच भरली.

मी वाशीमची. तिकडे वऱ्हाडात तेव्हा इंग्रज, आणि कनेरगावचा नाका ओलांडला की निजामाचं राज्य. 'पोरगी मोगलाईत दिली' म्हणून माझ्या मावशीनं डोळ्याला पदर लावला होता. आई मला नव्हतीच. यजमान हिंगोलीत कापसाच्या जिनात कारकून होते. आम्ही दोन खोल्या भाड्यानं बघायला गेलो तेव्हा मालकिणीनं भाड्याची गोष्ट काढली नाही, की माणसं किती विचारलं नाही. मला एकदा पुढून बघितलं, एकदा मागून बघितलं आणि यजमानांना म्हणाली, "कंबर चांगली हाय पोरीची. तकलीफ होणार न्हाई. या राहायला." यजमान लाजून असे लाल झाले की त्यांनी दुसरी खोली बघितलीच नाही.

तिला सगळी गल्ली आत्या म्हणायची. साठीला टेकलेली, उंच, काटक, विधवा, मागंपुढं कुणी नाही. नवरा जुन्या छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. तो गेल्यावर हिनं सुईणपण धरलं आणि मग हिंगोलीत अर्धी गल्ली हिच्याच हातात पहिलं रडली. रस्त्यानं चालली की मिशीवाले बाप्ये वाकून नमस्कार करायचे, आणि ही त्यांना भर बाजारात सांगायची, "तू पायाळू होतास रं. लई छळलं होतंस आईला." नमस्कार करणारे पुढं पुढं लांबूनच करायला लागले.

मुलगा होणार की मुलगी, हे ती पोटाकडे एक नजर टाकून सांगायची. अगदी ठाम. आणि दर वेळी चुकायची. मुलगा म्हणाली की बायका मुलीचं झबलं शिवायला घ्यायच्या. याचं तिला काही वाटत नसे. "मी म्हणलंच होतं," असं म्हणून ती उलट झालेलंही आपल्याच नावावर लावून घ्यायची.

अंगणात तिचे सात-आठ गुलाब होते. पण त्यांतलं एक फूल देवालासुद्धा मिळत नसे. आम्ही राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पूजेला म्हणून एक फूल खुडायला गेले, तर आतून आवाज आला, "हात काढ! पोटुशी हाय ती!"

मी घाबरून इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला बाई कुणीच नव्हती.

मग तिनं मला समजावलं. फूल खुडलं नाही, झाडावरच गळू दिलं, तर त्याच्या बुडाशी बोंड धरतं. कापसाचं धरतं तसंच, पण सुपारीएवढं आणि पिकलं की नारिंगी. त्या बोंडात बिया. त्या बियांतून तिला गुलाब करायचे होते.

"पण आत्या, गुलाब फांदी खोचून येतो की," मी शहाणपणा केला. "आमच्या वाशीमला सगळे तसेच लावतात."

"फांदी खोचायची म्हंजे त्याच म्हातारीला पुन्यांदा उभं करायचं. त्यात काय नवल हाय? बी पेरलं की कोण येईल सांगता येत न्हाई. रंग कोणता, वास कुणाचा, काटे किती. मला ते न सांगता येणारंच पायजे. जनमभर तेच केलं की मी."

तिची पद्धत ठरलेली होती. दिवाळीनंतर बोंडं पिकली की ती नखानं फोडायची, बिया धुऊन पाण्यात टाकायची. तरंगल्या त्या पोकळ. बुडाल्या त्या ठेवायच्या. ज्वारीच्या कणीएवढी ती बी, कोनाकोनाची आणि दगडासारखी टणक. तिला आधी दीड-दोन महिने गार झोप लागते, त्याशिवाय ती जागी होत नाही, हे तिच्या नवऱ्याला कुण्या साहेबानं सांगितलं होतं. आता हिंगोलीत एवढं गार कुठं मिळायचं? तर ओसरीवर पाण्याचा माठ ठेवलेला असे, त्याच्याखाली वाळू. माठ पाझरत राही, वाळू सदा ओली आणि गार. आत्या बिया त्या वाळूत पुरून ठेवायची. मग त्या खापरात पेरायच्या, आणि कोंब आला की त्या दिवसापासून बारा दिवस मोजायचे.

बाराव्या दिवशी बारसं. गल्लीतल्या बायकांना आवतण जायचं, पोराच्या बारशाला जातं तसंच. खापर पाटावर ठेवायचं, चार जणींनी भोवती बसायचं, आत्यानं वाकून दोन पानांच्या त्या कोंबाच्या कानात, म्हणजे जिथं कान असावा असं तिला वाटे तिथं, नाव सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून "कुर्रर्र" करायचं. गंगू, चिमी, हौशी, राधी. नावं साधीच. बायका हसून हसून लोळायच्या. "आत्या, कुणावर गेलंय हो?" अशी चौकशी व्हायची, आणि आत्या गंभीरपणे सांगायची, "आजून नाकडोळे उघडलेले न्हाईत."

चैत्र-वैशाखात मात्र कुणी त्या खापराची चौकशी करत नसे. हिंगोलीचं ऊन. रोपं माना टाकायची आणि एका आठवड्यात खापर रिकामं व्हायचं. नऊ वर्षं झाली म्हणे, दर वर्षी बारसं, आणि एकही रोप फुलापर्यंत पोचलेलं नाही. अंगणातले गुलाब सगळे फांदीचे, नवऱ्यानं लावलेले. तिच्या हातचं, बियांचं एकही नाही. गल्लीतले लोक मागून तिला 'गुलाबांची सुईण' म्हणून हसायचे. ती हसणाऱ्यांकडे लक्ष द्यायची नाही, पण एकदा मला म्हणाली, "दुसऱ्यांची दोनशे तरी जगवली असतील मी. माझं एक जगत न्हाई बघ."

तिचं वेड कुठवर जायचं याची एक गोष्ट सांगते. एकदा वाशीमला एका बाळंतपणाला तिला बोलावणं आलं. येताना कुठल्याशा देवळामागच्या गुलाबाची सहा बोंडं तिनं पदराच्या गाठीत बांधून आणली. कनेरगावच्या नाक्यावर नाकेदारानं गाडी थांबवली. एकेकाचं गाठोडं सोडून बघत होता. "गाठीत काय आहे?" त्यानं दरडावून विचारलं.

"लेकरं हायेत," आत्या म्हणाली.

"गाठ सोडा."

आत्यानं त्याच्याकडे नीट निरखून बघितलं, त्याच्या डाव्या कानामागची गाठ बघितली आणि गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू तहसीलीमागच्या गल्लीतला ना? तुझी नाळ मी कापली, आन् तू माझी गाठ सोडतूस व्हय रं?" नाकेदारानं गाडी सोडायचा हात केला. वर आत्यानं त्याला विचारलं, "आईचं पोट दुखायचं थांबलं का?"

तर, आता माझ्या हातून काय घडलं ते सांगते.

त्या वर्षी मी पोटुशी होते, सातवा महिना. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण हिंगोलीतच करायचं आणि त्यासाठी सासूबाईंनी आमच्या गावाहून, साखऱ्याहून, येऊन राहायचं, असं ठरलं. माझ्या सासूबाई म्हणजे काय चीज होती ते तुम्हाला माहीत नाही. सोवळं-ओवळं, शिवाशीव, वार, तिथी. कुठल्या वारी कुठल्या दिशेला तोंड करून केस विंचरायचे, यालाही त्यांच्याजवळ शास्त्र होतं. त्यांचं सगळ्यात मोठं शास्त्र भांड्यांचं. तांब्या-पितळेत तोंड दिसलं नाही तर सुनेचं तोंड त्यांना बघवत नसे.

त्या यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी घरातली सगळी भांडी मोरीत काढली. राख होती, पण नुसत्या राखेनं हंड्याचे डाग निघेनात. वाळू हवी होती. ओढ्यावरून वाळू आणायची माझी अवस्था नव्हती. आणि ओसरीवर माठाखाली ढीगभर वाळू, ओली, बारीक, आयती! दोन ओंजळी घेतल्या, राखेत कालवल्या, नारळाची शेंडी घेतली आणि घासघास घासलं. मध्ये मध्ये कणी कणी हाताला लागत होती. मला वाटलं, वाह, वाळू खरखरीत आहे, छान घासतेय! हंडा असा निघाला की मी त्यात बघून केससुद्धा सारखे केले. मग पाणी ओतलं, सगळं मोरीतून वाहून गेलं आणि मी खुशीत माठाखाली नवी माती सारून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. आल्या आल्या भांड्यांच्या उतरंडीकडे बघून म्हणाल्या, "बराबर! सुनेच्या हाताला वळण हाय." माझ्या आयुष्यातलं त्यांच्या तोंडचं पहिलं कौतुक. आत्या पाणी प्यायला माठाकडे आली होती. तिनं भांडी बघितली, मग माठाखाली बघितलं, मग मोरीकडे बघितलं.

"वाळू घेतलीस का गं पोरी?"

मी हो म्हटलं आणि म्हणता म्हणताच मला कळलं. पोटातलं लेकरूसुद्धा दचकलं असेल. त्या अकरा बिया होत्या. छावणीतल्या त्या बंगल्यापाशी तिच्या नवऱ्यानं लावलेल्या गुलाबाच्या. आणि ते झुडूप बोंडं काढल्यावर लगेच वाळून गेलं होतं. म्हणजे पुन्हा बोंड मिळायचंच नव्हतं.

मी रडायला लागले. आत्यानं मला बोल लावला नाही. माझ्यापाशी बसली, पाठीवरून हात फिरवला. "गळतात कधी कधी," ती म्हणाली. "त्यात कुणाची चूक नसती. तू रडू नगं, तुझ्या पोटातल्याला तकलीफ व्हईल." मग उठून आपल्या खोलीत गेली आणि दोन दिवस तिच्या तोंडून गल्लीला एक शिवी ऐकू आली नाही. त्या दोन दिवसांत मला काही गोड लागेना.

माघ सरता सरता मी मोकळी झाले. आत्यानं मुलगी होणार म्हणून सांगितलं होतं, मुलगा झाला. नऊ तास ती माझ्यापाशी बसून होती. दोन दिवस काय, जन्मभर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं तरी चाललं असतं, असं मी केलेलं. पण त्या नऊ तासांत तिनं माझा हात एकदाही सोडला नाही.

बाराव्या दिवशी माझ्या लेकराचं बारसं. पाळणा सजवला, गल्ली जमली, नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याचा म्हणून माझी नणंद मुद्दाम गावाहून आली. मी शोधते तर आमची आत्या कुठंच नाही. पाळण्याखालून लेकरू देताघेता मी मागच्या दाराकडे बघितलं. ती बाहेर अळवाच्या वाफ्यापाशी, उंबऱ्याच्या पलीकडं, उकिडवी बसून होती. सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणे, "शुभकार्य हाय, तुमी जरा मागं बसा." त्यांचं शास्त्र. आणि आत्याला त्याचं नवल नव्हतं. दोनशे बारशी झाली, प्रत्येक लेकरू पहिलं हिच्या हातात आलं, आणि प्रत्येक बाराव्या दिवशी ही मागच्या दारी बसून "कुर्रर्र" ऐकत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही बाई खापरातल्या कोंबांची बारशी का करते. आणि आपण किती दात काढून हसलो होतो! माझी मलाच लाज वाटली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनीच सासूबाई अळू खुडायला मागं गेल्या. आमच्या मोरीचं पाणी त्या वाफ्यात जायचं, त्यामुळे अळू कमरेएवढं माजलं होतं. तिथून त्यांचा आवाज आला, "आगं, हे दातेरी पानाचं काय उगवून राहिलं गं अळवात? उपटू का?"

आत्या ओसरीवर भाकरी खात होती. ती भाकरी टाकून ज्या वेगानं पळाली, तो वेग मी तिच्या वयाच्या बाईत पुन्हा बघितला नाही. "हात लावू नगा! हात लावू नगा, बाई!"

उशीर झाला होता. सासूबाईंच्या चिमटीत एक उपटलेलं रोप होतं. पण अळवाच्या पानाखाली दुसरं होतं. एकच. दोन जाड पानं, आणि वर तिसरं, बारीक दात असलेलं.

आत्या चिखलात गुडघे टेकून त्याच्यापाशी किती वेळ बसली होती! मग तिला हसू यायला लागलं. "नऊ वर्सं मी बियांना फुलावानी जपलं," ती म्हणाली, "आन् ह्या पोरीनं राखंत घालून घासलं, तवा कुठं कवच झिजलं!" पुढं तर ती येईल-जाईल त्याला सांगायची, गुलाबाची बी हंड्यावर घासावी लागते, आणि त्यासाठी सून वाशीमची असावी लागते.

आम्ही बाराव्या दिवसाची वाट बघत होतो, पण आत्या म्हणाली, "न्हाई. नाव ठिवलं की जातात माझी. आता फुलल्यावरच ठिवीन."

ते रोप वैशाखातही तगलं. वर अळवाची सावली, खाली सदा ओल. आणि त्याची सगळ्यात जास्त काळजी कुणी केली असेल, तर माझ्या सासूबाईंनी. एक उपटलं गेलं याची त्यांना टोचणी लागली होती. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण साखऱ्याला पेरणीला गेल्या, परत आल्या, की पायावर पाणी घ्यायच्या आधी मागच्या दारी जायच्या. "शेळ्या येतात," म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण त्यांनी स्वतः रोवलं. आत्या आणि त्या दोघी त्या रोपापाशी बसून भांडायच्या. आत्या म्हणायची, फूल लालभडक येणार. आम्ही लगेच ओळखलं, लाल नक्की नाही.

दसरा झाला आणि कळी धरली. आठ दिवस आत्या कुठल्या बाळंतपणाला गावाबाहेर गेली नाही. आणि एका सकाळी ते उमललं.

खरं सांगू? अगदीच साधं फूल होतं. पाकळ्या मोजून पाच. रंग फिका, दुधात कुंकवाचं बोट बुडवल्यासारखा. बाजारात त्याला कुणी हातात घेतलं नसतं. गल्लीतल्या बायका जमल्या आणि एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्याचा चेहरा मात्र असा काही उजळला होता की विचारू नका. "मी म्हणलंच होतं," ती म्हणाली. "असंच येणार म्हणून."

पाट मांडला, रांगोळी काढली. आत्यानं वाकून फुलाला नाव सांगितलं आणि मग आम्हाला मोठ्यानं सांगितलं, "उकंडी!"

बायका हसायला लागल्या. गुलाबाचं नाव उकंडी! पण सासूबाई हसल्या नाहीत. आमच्याकडे ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं पुढच्या लेकराचं नाव उकिरड्यावरून, केरावरून ठेवतात. कुणाची नजर लागू नये, देवालाही न्यावंसं वाटू नये म्हणून. "बराबर ठिवलं," सासूबाई हळूच म्हणाल्या. मग सगळ्यांचं हसू थांबलं आणि आम्ही "कुर्रर्र" केलं ते अगदी मनापासून केलं.

घुगऱ्यांचं पातेलं आलं. माझ्या कडेवर आठ महिन्यांचा पोरगा, मी मस्करीच्या भरात, आणि माझी जीभ पहिल्यापासून वाह्यात. मी म्हटलं, "अहो थांबा! बाळंतिणीची ओटी कुठं भरलीय अजून?"

बोलून गेले आणि जीभ चावली. विधवेची ओटी! आत्या पातेल्यातला डाव हातात धरून उभी होती. ती हसायला बघत होती, पण तिला ते जमेना. "काहीही बोलती ही पोरगी," ती पुटपुटली आणि दाराच्या बाजूला सरकली. मागं बसायची सवय.

सासूबाई उठल्या. घरात गेल्या. मला वाटलं, झालं, आता माझं काही खरं नाही. त्या बाहेर आल्या त्या सुपात गहू, नारळ, हळकुंड आणि दिवाळीला स्वतःसाठी आणलेला हिरवा खण घेऊन.

"मामी..." मी सासूबाईंना म्हटलं.

"तू गप ऱ्हा," त्या म्हणाल्या. मग गल्लीतल्या बायकांकडे वळल्या. "काय बघून राहिलात? पोराच्या बारशाला शास्तर असतं. गुलाबाच्या बारशाला कुण्या पोथीत काही लिवलंय का? असंल तर सांगा मला." सासूबाईंना शास्त्र सांगणारं आमच्या गल्लीत होतं कोण? "तर मग, आत्याबाई, पदर पसरा. लेकरू तुमचं हाय."

आत्यानं डाव पातेल्यात ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि पदर पसरला. सासूबाईंनी पाच ओंजळी गहू घातले. वर नारळ ठेवला, खण ठेवला. मग एकेक करून सगळ्या बायका उठल्या. कुणी घरातून मूठभर तांदूळ आणले, कुणी सुपारी. माझ्या पाळीला माझ्या हातात काहीच नव्हतं, म्हणून मी कडेवरचं पोरगंच तिच्या पदरात ठेवलं.

"लई जड झालं गं," आत्या म्हणाली. आणि नारळ, खण, गहू आणि हसणारं लेकरू तसंच दोन्ही हातांनी छातीशी धरून ती तिथंच, अळवाच्या चिखलात, मांडी घालून खाली बसली.